लक्षद्वीप : तरवाडाबाहेर पडताना घर कोणाचे?

प्रश्न : लक्षद्वीपचा समाज जवळजवळ संपूर्ण मुस्लिम असूनही तेथे मातृवंशपद्धती आहे आणि पूर्वी नवरा फक्त रात्री बायकोच्या घरी येत असे, असे वाचनात आले. आता तेथे नवरा-बायकोचे स्वतंत्र संसार थाटले जात आहेत. यामुळे तेथील स्त्रीचे जीवन सुधारले, असे म्हणता येईल का?

उत्तर : सरसकट होकार देणे मला योग्य वाटत नाही. कल्पेनीसारख्या बेटावर कुटुंब म्हणजे तरवाड, अर्थात आईकडून चालत आलेला गोतावळा. विवाह निकाह लावूनच होई, पण त्यानंतरही नवरा आपल्या आईच्या घरचाच राही. नारळाची झाडे ही तरवाडाची सामाईक ‘शुक्रवारची मालमत्ता’ असे आणि तिचा हक्क मुलींच्या वंशात चाले. स्वतः कमावलेली ‘सोमवारची मालमत्ता’ मात्र शरियतप्रमाणे वाटता येई. धर्म आणि मातृवंश यांनी एकमेकांना कसे सामावून घेतले, हे मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांच्या कल्पेनीविषयीच्या, १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते.

रात्रीपुरता येणारा नवरा आपल्याला उपरा वाटतो, कारण आपल्याकडे घर सोडते ती मुलगी, आणि संसार मोडला की तिने जायचे कुठे, हाच पहिला प्रश्न उभा राहतो. तेथे तो उद्भवतच नसे. तलाक झाला तरी तिचे छप्पर, तिची माणसे आणि तिची मुले जागच्या जागी राहत, आणि पुनर्विवाहातही फारसा कमीपणा मानला जात नसे. अर्थात ही स्त्रीसत्ता नव्हती. तरवाडाचा कारभार कारणवर, म्हणजे घरातील ज्येष्ठ पुरुष, पाहत असे.

१९५६ साली ही बेटे केंद्रशासित प्रदेश झाली. पुढे शाळा आणि सरकारी नोकऱ्या वाढल्या. २०११ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे ९२ टक्के होती. नारळ आणि काथ्यावर अवलंबून असलेल्या घरात पगार आला, आणि पगार ही ज्याची त्याची कमाई. तिच्या बळावर स्वतंत्र संसार थाटता आले. वडील मुलांच्या रोजच्या सहवासात आले, पती-पत्नींना एकांत मिळाला, हा लाभ मी मुळीच कमी लेखत नाही. जाऊन-येऊन राहणाऱ्या बापाची उणीव कित्येक मुलांना जाणवली असेल.

परंतु नवे घर पतीच्या पैशांतून त्याच्याच नावावर उभे राहिले, तर ते शरियतच्या वाटणीत येते : अपत्ये असल्यास विधवेला आठवा हिस्सा आणि मुलीला मुलाच्या निम्मा. तलाक झाल्यास त्या घरावर पत्नीचा हक्क उरेलच असे नाही. तेच घर तिच्या नावावर किंवा तिच्या तरवाडाच्या जमिनीवर बांधलेले असेल, तर जुना आधार शाबूत राहतो. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर मी पती-पत्नी एकत्र राहतात की नाही यावरून देणार नाही. त्या घराची कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत, हे आधी विचारीन.