वाट नदी सोडते तेव्हा

प्रिय,

भर उन्हाळ्यात नदीकाठच्या जुन्या वाटेने दिवसभर चालायचं ठरवलंयस, वाचून बरं वाटलं. किती तास लागतील, असं विचारलंस. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथने 1892 मध्ये मांडलेला हिशोब अजून कामाला येतो: सपाटीवर तासाला साधारण 5 किलोमीटर, वर दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. पण तो न थांबता चालणाऱ्याचा. उन्हात, इकडेतिकडे बघत चालणाऱ्याने त्याच्या दुप्पट वेळ धरावा.

मला सांगायचंय ते वेगळंच. वाट मध्येच नदी सोडून वर चढेल. तुला वाटेल, हा वळसा कशाला, काठाकाठानेच जाऊ. तुझ्या वयात मी तसाच गेलो. अर्ध्या तासात गुडघाभर चिखलात होतो. पुढे ढासळलेला काठ, बाजूला काटेरी जाळी. धडपडत वर आलो तर वाट हाकेच्या अंतरावर, कोरडी ठणठणीत! वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याला जोर असतो, काठ खालून पोखरला जातो. आतल्या अंगाला वाळू-गोटे साचतात. वाट पाडणाऱ्यांना हे पुस्तकातून नाही, पायांनी कळलं होतं.

तीच वाट पुन्हा पाण्याकडे उतरली की समज, जवळपास उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा असणार. पात्र रुंद, पाणी उथळ आणि बडबडं. गप्प, काळपट पाणी म्हणजे डोह. उकाडा कितीही असो, तिथे पाय घालायचा नाही. वर कुठे धरण असेल तर निरभ्र दिवशीही पाणी अचानक वाढतं. आणि नदी बर्फातून येत असेल तर ती दुपारनंतर चढते, म्हणून सकाळीच ओलांड.

झुडपांत डोक्याच्या उंचीवर वाळकं गवत, काटक्या अडकलेल्या दिसतील. पूर तिथवर आला होता. त्या खुणेखाली बसून डबा खा हवं तर, झोपू मात्र नकोस.

नदी उत्तर-दक्षिण असेल तर सकाळी पूर्वेच्या काठाने चाल, तिथल्या झाडांची सावली पाण्याकडे पडते. दुपारनंतर पश्चिमेचा काठ. एवढं साधं गणित, पण मला फार उशिरा सुचलं.

डोकं ठणकलं, मळमळलं, की थांब. सावली, पाणी, मानेवर ओला रुमाल. सोबतचं माणूस असंबद्ध बोलू लागलं तर तो उष्माघात समज, अंग भिजवत राहा आणि लगेच मदत बोलाव. (एकटं जाणार नाहीस, हे मी धरूनच चाललोय.)

खंड्या बहुधा आधी ऐकू येईल, मग दिसेल. पाण्यावर झुकलेली, पांढरी शिंतोडलेली फांदी दिसली की तिच्यासमोर दहा मिनिटं गुपचूप बस. मासा फांदीवर आपटून, डोक्याकडून गिळतो तो.

नकाशावर पेन्सिलीने उताराची खूण कर आणि आल्यावर मला दाखव.

तुझा,
काका