वाचकांचे प्रश्न : मूळ डोमेनला चाइल्ड डोमेनमधील नावे का सापडत नाहीत?

प्रश्न : आमच्या संस्थेचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे आणि तेथे विंडोज सर्व्हरवर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे (संगणक आणि वापरकर्ते यांची एकत्र नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचे) मूळ डोमेन चालते. नाशिक शाखेसाठी त्याखाली एक चाइल्ड डोमेन, म्हणजे उपडोमेन, आहे. शाखेतील जुना डोमेन कंट्रोलर (डोमेनमधील लॉगइन तपासणारा सर्व्हर) बंद करून नवा बसवल्यापासून नाशिकच्या संगणकांना पुण्यातील सगळी नावे सापडतात, पण पुण्यातील संगणकांना नाशिकमधील एकही नाव सापडत नाही. आयपी पत्ता देऊन पिंग केले तर उत्तर येते. नाव दिले की काही सेकंद थांबून एरर दिसते. तात्पुरता उपाय म्हणून पुण्यातील काही संगणकांच्या होस्ट्स फाइलमध्ये नोंदी केल्या आणि दुसरा डीएनएस सर्व्हर (नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून ८.८.८.८ हा सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता दिला. तरीही पुण्याहून नाशिकच्या डोमेनमध्ये लॉगइन होत नाही. दोष नेमका कोठे शोधावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण दिलेल्या लक्षणांपैकी ‘काही सेकंद थांबून एरर येते’ हे सर्वांत मोलाचे आहे, आणि त्यावरूनच दोष बहुधा पुण्यातील मूळ झोनमध्ये (मूळ डोमेनमधील नावांच्या नोंदवहीत) केलेल्या डेलिगेशनमध्ये असावा असे वाटते. समजा, मूळ डोमेन ‘संस्था.टेस्ट’ आणि शाखेचे डोमेन ‘नाशिक.संस्था.टेस्ट’ आहे. (‘टेस्ट’ हा शेवट चाचण्यांसाठी राखून ठेवलेला असल्याने येथे तो वापरला आहे.) पुण्याचा डीएनएस सर्व्हर ‘संस्था.टेस्ट’ या झोनचा अधिकृत सर्व्हर आहे. त्यामुळे त्या नावाखालच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याच जवळ असले पाहिजे असे तो धरून चालतो. ‘नाशिक’ हा भाग दुसऱ्या सर्व्हरकडे सोपवला आहे, एवढे सांगणारी नोंद म्हणजे डेलिगेशन. त्यात शाखेच्या डीएनएस सर्व्हरचे नाव देणारा एनएस रेकॉर्ड आणि त्या सर्व्हरचा आयपी पत्ता देणारा रेकॉर्ड, ज्याला ग्लू म्हणतात, असे दोन घटक असतात.

ही नोंद मुळीच नसती, तर पुण्याच्या सर्व्हरने क्षणाचाही विलंब न लावता ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे ठाम उत्तर दिले असते आणि प्रश्न पुढे कोणाकडेही पाठवला नसता. नोंद आहे पण ती बंद पडलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवते, अशा वेळी पुण्याचा सर्व्हर जुन्या पत्त्यावर विचारत राहतो, उत्तराची वाट पाहतो आणि शेवटी अपयश कळवतो. आपल्याकडे हेच घडत असावे. नाशिकचा नवा कंट्रोलर नवे नाव आणि नवा आयपी पत्ता घेऊन आला, पण मूळ झोनमधील डेलिगेशन आपोआप बदलत नाही. नाशिकहून पुण्याची नावे सापडतात, कारण नव्या सर्व्हरवर पुण्याकडे जाणारा फॉरवर्डर, म्हणजे स्वतःला उत्तर माहीत नसलेले प्रश्न पुढे पाठवण्याची नोंद, दिलेला असणार. ती वाट आणि ही वाट या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत.

अंदाजावर विसंबून दुरुस्तीला लागण्याआधी पुढील दोन प्रश्न विचारून खात्री करून घ्यावी. पुण्यातील डोमेन कंट्रोलरवर एनएसलुकअप हे डीएनएस सर्व्हरला प्रश्न विचारणारे साधन उघडावे आणि नाशिकच्या नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता देऊन थेट त्यालाच ‘नाशिक.संस्था.टेस्ट.’ विचारावे. नावाच्या शेवटचे टिंब विसरू नये; ते नसेल तर एनएसलुकअप आपल्या मनाने मागे डोमेनचे नाव जोडून भलताच प्रश्न विचारते आणि तपास करणारा चुकीच्या दिशेने जातो. उत्तर आले, तर नाशिकचा सर्व्हर ठीक आहे आणि रस्ताही मोकळा आहे. उत्तर आले नाही, तर आधी दोन्ही कार्यालयांमधील फायरवॉलवर ५३ क्रमांकाचे पोर्ट पाहावे, आणि ते यूडीपी व टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी खुले आहे ना, हे तपासावे. पिंगला उत्तर येते म्हणून डीएनएसची वाट खुली आहे असे समजणे बरोबर नाही. अनेक ठिकाणी केवळ यूडीपी खुले ठेवतात, आणि मग छोटी उत्तरे येतात पण मोठी उत्तरे अडकतात.

त्यानंतर पुण्याच्या सर्व्हरला तोच प्रश्न विचारावा, मात्र प्रश्नाचा प्रकार एनएस ठेवून आणि रिकर्शन बंद करून. रिकर्शन बंद असल्यामुळे सर्व्हर इतरत्र चौकशी करत नाही. स्वतःजवळ जे लिहिलेले आहे तेवढेच सांगतो. उत्तरात जुन्या कंट्रोलरचे नाव किंवा पत्ता दिसला, की दोष सापडला. डीसीडायग या साधनाच्या डीएनएस चाचणीतही डेलिगेशनची वेगळी तपासणी आहे, पण हाताने विचारलेल्या या दोन प्रश्नांतून साखळी कोठे तुटली हे जितके स्वच्छ कळते तितके लांबलचक अहवालातून कळत नाही, असे माझे मत आहे.

दुरुस्ती छोटी आहे. पुण्यात डीएनएस मॅनेजरमध्ये मूळ झोन उघडल्यावर ‘नाशिक’ नावाचे करड्या रंगाचे फोल्डर दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये नेम सर्व्हर्सच्या यादीतून जुना सर्व्हर काढावा आणि नव्याचे पूर्ण नाव व आयपी पत्ता घालावा. शाखेत दुसरा डीएनएस सर्व्हर असेल तर त्याचीही नोंद तेथेच करावी. मग सर्व्हरची कॅशे (लक्षात ठेवलेली जुनी उत्तरे) रिकामी करावी आणि चाचणीच्या संगणकावर आयपीकॉन्फिगच्या फ्लशडीएनएस पर्यायाने त्याचीही कॅशे पुसावी. कारण नाव नसल्याचे उत्तरही काही काळ लक्षात ठेवले जाते. मूळ डोमेनचे कंट्रोलर वेगवेगळ्या साइट्समध्ये (ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदलेल्या ठिकाणांमध्ये) असतील, तर हा बदल सर्वत्र पोहोचायला वेळ लागतो. दोन साइट्समध्ये बदल पोहोचवणाऱ्या साइट लिंकचा मूळ ठरलेला कालावधी १८० मिनिटांचा असतो, त्यामुळे काहींना नाव सापडते आणि काहींना नाही, अशी स्थिती तेवढा वेळ राहू शकते.

एवढ्यावर मात्र थांबू नये. जुना कंट्रोलर रीतसर डिमोट न करता (कंट्रोलरची भूमिका काढून न घेता) नुसता बंद केला असेल, तर त्याचा एनएस रेकॉर्ड नाशिकच्या झोनमध्येही राहिलेला असणार. पुण्याचा सर्व्हर डेलिगेशनच्या आधारे नाशिकपर्यंत पोहोचला, की नाशिकचा झोन स्वतःबद्दल देतो ती यादी तो अधिक प्रमाण मानू शकतो, आणि त्या यादीत मृत सर्व्हर असेल तर दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. म्हणून चाइल्ड झोनच्या नेम सर्व्हर्सची यादी आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील जुन्या कंट्रोलरचा मेटाडेटा (त्याच्याविषयी उरलेल्या नोंदी) या दोन्ही ठिकाणी साफसफाई करावी. दोन्ही बाजूंच्या नोंदी एकमेकींशी जुळत्या ठेवण्याची जबाबदारी दोन्ही झोनच्या व्यवस्थापकांची आहे, हे १९८७ सालच्या आरएफसी १०३४ या डीएनएसच्या मूळ दस्तऐवजातच सांगितलेले आहे.

आपल्या तात्पुरत्या उपायांविषयी स्पष्टच सांगतो : दोन्ही काढून टाकावेत. होस्ट्स फाइलमध्ये नाव आणि पत्ता एवढेच लिहिता येते. लॉगइनसाठी डोमेन कंट्रोलर शोधताना विंडोज एसआरव्ही रेकॉर्ड (एखादी सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदी) मागते आणि ते त्या फाइलमध्ये बसत नाहीत. पिंग चालू लागले तरी लॉगइन झाले नाही, ते यामुळेच. शिवाय एनएसलुकअप होस्ट्स फाइल पाहत नाही, पिंग पाहते. त्यामुळे दोघांची उत्तरे जुळत नाहीत आणि तपास आणखी अवघड होतो. ८.८.८.८ चा धोका याहून मोठा आहे. पहिल्या सर्व्हरने ‘नाव नाही’ म्हटले तर विंडोज दुसऱ्याला विचारत नाही. पण पहिला थोडा जरी मंदावला तरी दुसऱ्याकडे जाते, आणि सार्वजनिक सर्व्हरला तुमचे अंतर्गत डोमेन ठाऊक नसल्याने त्याचे नकारार्थी उत्तर अंतिम धरले जाते. डोमेनमधील संगणकांना डोमेनचेच डीएनएस सर्व्हर द्यावेत. बाहेरच्या नावांची चौकशी त्या सर्व्हरच्या फॉरवर्डरने करावी.

प्रश्न : डेलिगेशनऐवजी पुण्यात नाशिकसाठी कंडिशनल फॉरवर्डर (केवळ ठरावीक डोमेनचे प्रश्न पुढे पाठवणारी नोंद) दिला तर चालेल का? (तेच वाचक)

उत्तर : नाही. ज्या झोनचा सर्व्हर स्वतः अधिकृत आहे, त्याखालच्या नावासाठी विंडोजचा डीएनएस सर्व्हर कंडिशनल फॉरवर्डर वापरतो तो तेथे डेलिगेशन असेल तरच. मूळ डोमेनकडून चाइल्डकडे डेलिगेशन आणि चाइल्डकडून मूळ डोमेनकडे फॉरवर्डर, ही रचनाच योग्य आहे. पुण्याच्या सर्व्हरचा सर्वसाधारण फॉरवर्डर मात्र नाशिककडे कधीही वळवू नये, कारण मग दोन्ही सर्व्हर बाहेरच्या नावांचे प्रश्न एकमेकांकडे टोलवत राहतात.

प्रश्न : पूर्ण नाव दिले की शाखेतील सर्व्हर सापडतो, पण केवळ ‘फाइलसर्व्हर’ एवढे छोटे नाव दिले तर मुख्य कार्यालयातून सापडत नाही. शाखेत मात्र तेच नाव चालते. असे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा सर्व्हरचा दोष नाही. छोट्या नावामागे संगणक स्वतःच्या डोमेनचा प्रत्यय जोडून पाहतो. शाखेतील संगणक आधी शाखेचा आणि मग डावीकडचा भाग वगळून मूळ डोमेनचा प्रत्यय लावतो; मुख्य कार्यालयातील संगणक मूळ डोमेनचाच लावतो, कारण खाली कोणकोणती चाइल्ड डोमेन्स आहेत हे त्याला माहीत नसते. ग्रुप पॉलिसीतून (अनेक संगणकांना एकत्र सेटिंग देण्याच्या सोयीतून) डीएनएस सफिक्स सर्च लिस्ट, म्हणजे प्रत्ययांची यादी, द्यावी आणि तीत मूळ डोमेन पहिले, शाखेचे त्यानंतर असे लिहावे. अशी यादी दिली, की डावीकडचा भाग आपोआप वगळण्याची पद्धत बंद होते. म्हणून शाखेतील संगणकांनाही यादी देणार असाल, तर तीत दोन्ही डोमेन्स लिहावीत. दोन्हीकडे एकाच छोट्या नावाचे सर्व्हर असतील, तर यादीत आधी असलेल्या डोमेनमधला सापडेल. अशा ठिकाणी पूर्ण नाव वापरण्याचीच सूचना कर्मचाऱ्यांना द्यावी.