मटण सोडलं, त्या जागी ताटात काय आलं?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्या लिहितात: ‘माझं वय ४१, वजन ५२ किलो. गेल्या श्रावणात नेहमीसारखं वशाट बंद केलं, ते पुन्हा सुरू करावंसंच वाटलं नाही. कुणी माळ घालायला लावली नाही, माझं मलाच नको झालं. घरात बुधवारी आणि रविवारी मटण नाहीतर चिकन असतं, ते अजून मीच करते. आता सहा महिने झाले. द्राक्षबागेत दुपारनंतर उभं राहवत नाही, जिना चढताना दम लागतो, पायाला मुंग्या येतात. उसळ वाढवून बघितली तर पोट फुगतं. पाळी हल्ली सात-आठ दिवस जाते, पण ते वयाचंच असेल. माझं बघून १३ वर्षांच्या मुलीनंही सोडलं, तेव्हापासून सासूबाई बोलतात, पोरीच्या अंगात रक्त कुठून येणार? चैत्रात गावची यात्रा आहे. मी हट्टीपणा करते आहे का?’

ताई, हा हट्टीपणा नाही. जे खावंसं वाटत नाही ते न खाण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि त्यासाठी गळ्यात माळ असायलाच पाहिजे असं नाही. पण पत्रातला थकवा खरा आहे आणि त्याचं सगळं खापर सोडलेल्या मटणावर फोडलं, तर खरं कारण हातातून निसटेल.

आधी हिशेब बघू. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ४३ ग्रॅम प्रथिनं लागतात. आठवड्यातून दोनदा शंभर-शंभर ग्रॅम मटण खाल्लं तर त्यातून मिळायची ४० ग्रॅमच्या आसपास. सात दिवसांवर पसरली तर दिवसाला जेमतेम पाच-सहा ग्रॅम. म्हणजे त्या दोन वारांवर तुमचं अंग चाललेलं नव्हतं. उरलेल्या पाच दिवसांचं ताट तेव्हाही तोकडंच होतं. सकाळी चहा-खारी, अकराला भाकरी आणि कोरड्यास, रात्री चपाती, भात आणि पातळ आमटी, असंच बहुतेक घरी असतं. दोन भाकरी आणि दोन चपात्यांतून २० ते २२ ग्रॅम मिळतात, बाकी भात, चहातलं दूध, आमटी मिळून आठ-दहा. जी आमटी ताटात पळते तिच्यात माणशी १५ ग्रॅमसुद्धा डाळ नसते. मटण गेल्यावर त्या जागी काही आलं नाही, एवढंच झालं.

आता पत्रात ओझरतं लिहिलेलं ते वाक्य. पाळी सात-आठ दिवस जाते, दम लागतो, बागेत उभं राहवत नाही. माझा पहिला संशय तिथेच आहे. चाळिशीनंतर जास्त रक्तस्राव होण्याची कारणं गर्भाशयातली गाठ, हार्मोन, थायरॉईड अशी बरीच असतात, आणि त्यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. वयाचंच असेल म्हणून सोडून देऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, या महिन्यातच.

सोबत रक्त तपासा. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. पण तेवढ्यावर थांबू नका. पूर्ण सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉईडची टीएसएच या चारही मिरज-सांगलीच्या लॅबमध्ये एकाच वेळी होतात. पायाच्या मुंग्यांमुळे बी-१२ टाळू नकाच. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिज पदार्थांत असतं. शाकाहारात ते दूध-दह्यातून येतं, मोड आलेल्या कडधान्यातून किंवा पालेभाजीतून नाही. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे सहा महिन्यांत तो मटण सोडल्यानं संपला असं होत नाही. कमी निघालं तर आधीपासूनच कमी होतं असं समजा. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्हींमुळे बी-१२ कमी शोषलं जातं.

तपासणीआधी मेडिकलमधून शक्तीच्या गोळ्या आणून सुरू करू नका. त्यातल्या बी-१२ मुळे रिपोर्ट चुकीचा चांगला येतो. आणि नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-१२ ची कमतरता आतून नसांना इजा करत राहते. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं की एक विचारून घ्या: कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं आणि ते जनावरापासून काढतात. तुम्हाला नको असेल तर गोळी किंवा इंजेक्शन मागा.

लोहाबद्दल सासूबाई म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. मटणातलं लोह अंगाला जास्त सहज लागतं, धान्य-कडधान्यातलं कमी. पण ते वाढवता येतं. मसूर, मटकी किंवा बाजरीच्या भाकरीसोबत अर्धं लिंबू पिळायचं, नाहीतर पेरूची फोड किंवा आवळा घ्यायचा. आणि जेवणाच्या आधी-नंतर एक तास चहा नाही. आपल्याकडे बागेत भाकरीचं फडकं सोडलं की मागोमाग थर्मासचा चहा असतो, तो जेवणातलं लोह अडवतो. लोखंडी कढईत आंबट भाजी किंवा आमटी केली तर थोडं लोह त्यातही उतरतं, फक्त झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते. गूळ-शेंगदाणे जरूर खा, पण शेंगदाण्यासाठी. दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यात लोह अर्ध्या मिलीग्रॅमच्या आसपास असतं आणि तुमची गरज दिवसाला २९ मिलीग्रॅमची आहे. बिटाचंही तेच, रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. लोहाची गोळी लिहून दिली तर ती दूध आणि चहापासून लांब घ्या. शौचाला काळी होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं म्हणून गोळी मध्येच सोडू नका, साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात.

ताटात भर घालायची ती अशी. दोन्ही जेवणांत माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे भरून. त्यातून प्रत्येक वेळी सात ग्रॅम. दिवसातून मूठभर शेंगदाणे, भाजून किंवा चटणीत, ते सात. वाटीभर दही, ते चार-पाच. झोपताना पेलाभर म्हशीचं दूध, तेही सात. आमटी दाट झाली आणि चटणी भरपूर झाली तरी अर्धं काम होतं, ताटात परकं काही आणायची गरज पडत नाही. साबुदाणा, खारी, बटाटेवडे यांवर मात्र भूक भागवू नका. मटण सोडलेले बरेच जण नकळत तिकडे वळतात, वजन वाढतं आणि अशक्तपणा तसाच राहतो.

सोयाबीन तुमच्या भागात घरोघरी पिकतं आणि बहुतेक सगळं बाजारात जातं. चार किलो ज्वारी-गव्हात पाव किलो ते अर्धा किलो सोयाबीन दळून घ्या. पण कच्चं दळायचं नाही, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. रात्रभर भिजवून पाणी टाका, २० ते २५ मिनिटं उकळा, कडक उन्हात खडखडीत वाळवा, मग गिरणीत द्या. अर्धवट वाळलं तर पीठ महिन्याच्या आत कुबट होतं. उकळण्यानं उग्र वासही जातो. टीएसएच बिघडलेली निघून थायरॉईडची गोळी सुरू झाली, तर ती आणि सोयाबीन यांत चार तासांचं अंतर ठेवा.

पोट फुगतं कारण तुम्ही एकदम वाटीभर उसळीवर आलात. कडधान्यातली काही साखर आपल्याला पचत नाही, ती मोठ्या आतड्यातले जीवाणू फस्त करतात आणि गॅस होतो. आठ ते बारा तास भिजवा, ते पाणी टाका, मोड आणा आणि बोटानं दाबल्यावर सहज चेपेल इतकं शिजवा. पहिला आठवडा पाव वाटी, दुसरा अर्धी, तिसऱ्यात पूर्ण. सुरुवात मूग आणि मटकीनं करा. हरभरा, वाल, वाघ्या घेवडा नंतर. फोडणीत हिंग, आलं, ओवा असू द्या. आटपाडी-जतकडे हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं पातळसर माडगं करतात, तेही संध्याकाळी चांगलं, पोटभर आणि हलकं.

चवीचं तुम्ही विचारलं नाही, पण बुधवारी घरभर रश्श्याचा वास सुटल्यावर तुमच्या ताटात दुधीची भाजी असेल तर निश्चय टिकणं अवघड जातं. त्या दिवशी अख्खा मसूर करा. इस्लामपूर-कराडच्या ढाब्यांवर तो रश्श्याच्या तोडीनं खपतो, त्याचं कारण वाटण. चौघांना २०० ग्रॅम मसूर अर्धा तास भिजवून, हळद आणि चमचाभर तेल घालून दोन-तीन शिट्ट्या करा. दाणा अख्खा राहिला पाहिजे, गाळ झाला की ती डाळच होते. दोन कांदे सालीसकट जाळावर भाजा, पाव वाटी सुकं खोबरं आणि चमचाभर तीळ वेगळे भाजा, आठ-दहा लसूण पाकळ्या, आलं आणि कोथिंबीर घालून बारीक वाटा. तेल सढळ घ्या, त्यात वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता, घाई केली तर कांद्याचा कच्चा वास राहतो. मग एक टोमॅटो, दोन चमचे कांदा-लसूण मसाला, शिजलेला मसूर आणि उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की तर्री बसते. दहा मिनिटं उकळू द्या. माणशी १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि घरातले मटण खाणारेही वाटी पुढे करतात.

मटण करायचं तुम्हीच का, हा प्रश्न मालकांना शांतपणे विचारा. आपल्याकडे यात्रेला आणि बागेत चुलीवर मटण पुरुषच रांधतात, त्यामुळे येत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. बुधवारचं तुम्ही वाटण करून द्या, पुढचं त्यांनी करावं. हवी तर एक कढई आणि पळी स्वतःपुरती वेगळी ठेवा, त्यापलीकडे भांड्यांचं राजकारण घरात आणू नका.

मुलीचं वेगळं बघायला हवं. वाढीचं वय आणि पाळी यामुळे तिची लोहाची गरज तुमच्याइतकीच, थोडी जास्तच. तिला एकटीला बसवून विचारा, की तिला स्वतःला नको आहे की आईसाठी सोडलं. आईसाठी असेल तर तिला मोकळं करा. मटण नको पण अंडं चालेल म्हणाली तर रोज एक द्या, त्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि थोडं बी-१२ मिळतं. काहीच नको असेल तर दूध-दही रोज, डबा कडधान्याचा, आणि शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि जंताची गोळी चुकवायची नाही. तिचंही हिमोग्लोबिन आत्ता बघा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. सासूबाईंची काळजी नातीच्या मायेतून आहे, त्यांच्याशी शाकाहारावर वाद घालू नका. दोन्ही रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा आणि नातीला दुधाचा पेला द्यायचं काम त्यांच्याकडेच सोपवा.

यात्रेत पहिल्या दिवशी पुरणपोळीचा गोडा नैवेद्य असेल तर अडचण नाही. खाऱ्या, म्हणजे मटणाच्या नैवेद्याच्या दिवशी सकाळीच नाष्टा पोटभर करा, पाहुण्यांना वाढता वाढता तीन वाजतात आणि उपाशीपोटी चक्कर येते. भावकीला आठवडाभर आधीच सांगून ठेवा, पंगतीत आग्रह सुरू झाल्यावर नाही. पाहुण्यांत माळकरी असतातच, त्यांच्यासाठी वेगळं पातेलं चढतं. त्यात तुमचं आणि लेकीचं धरून अर्धा किलो मसूर जास्तीचा टाका.