जाहिरात आईनेच वाचून दाखवली

ताई,

पुण्यात सहकारनगरला आमचा बंगला आहे. बाबांनी १९७८ साली सोसायटीच्या प्लॉटवर स्वतःच्या पगारातून बांधला. खाली तीन खोल्या, वर तीन, मागे-पुढे अंगण, फाटकाशी पारिजातक. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आम्हा तिघा भावंडांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा अजून आहेत. दर पाडव्याला बाबा आम्हाला तिथे उभं करायचे. बाबा २०१९ मध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. आई ७६ वर्षांची आहे, एकटी राहते. मी बिबवेवाडीला असते, रोज एक फेरी मारते. धाकटी बहीण ठाण्याला आणि भाऊ न्यू जर्सीला.

भाऊ दिवाळीत आला तेव्हा बंगला विकायचं ठरलं. सोसायटीत नॉमिनी म्हणून त्याचं नाव आहे, म्हणून सह्या तोच करणार. आईने आणि आम्ही बहिणींनी हक्कसोड पत्र द्यायचं, पैसे तिघांत वाटायचे आणि आईने चार-चार महिने एकेकाकडे राहायचं. आईला अजून सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी ती अंगणात पेपर वाचत होती. छोट्या जाहिराती वाचायची तिला सवय आहे. म्हणाली, "बघ गं, शांत परिसरात प्रशस्त बंगला विकणे आहे, सहा खोल्या, अंगण, झाडे. आपल्यासारखाच दिसतोय. कोण विकतंय बाई?" ती आमचीच जाहिरात होती. मी चहाचं निमित्त करून आत गेले ती दहा मिनिटं बाहेर आले नाही.

आईला हे घर सोडवणार नाही, ती खचेल. तिचं माहेरचं घर नारायण पेठेत होतं, ते पानशेतच्या पुरात गेलं. दुसऱ्यांदा तेच मी तिच्या बाबतीत होऊ देऊ? भावाला अडवू का?

सहकारनगरची लेक

*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे थोडंच छापलंय. पारिजातकावर अर्धं पान आहे, चौकटीवर अर्धं, गच्चीवरच्या वाळवणांवर सात-आठ ओळी. आणि आईच्या तोंडचं वाक्य सबंध पत्रात एकच, जाहिरातीचं. आई खचेल, आईला सोडवणार नाही, आईचा जीव त्या अंगणात आहे, हे सगळं तुमचं म्हणणं आहे. ते खरं असेलही. पण अजून कुणी तिला विचारलेलंच नाही. भावाने विचारलं नाही कारण त्याला घाई आहे. तुम्ही विचारलं नाही कारण तुम्हाला धास्ती आहे. तिच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही सारखंच.

भावाला अडवायचं की नाही हा नंतरचा प्रश्न. या रविवारी आईजवळ बसा आणि ती जाहिरात आपली आहे हे तिला सांगा. आजूबाजूला आणखी कुणी नको, फोनवर भाऊही नको. तिला राग येईल, ती रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तो तिचा हक्क आहे. पण उद्या एजंट गिऱ्हाईक घेऊन फाटक उघडेल आणि तेव्हा तिला कळेल, त्याच्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

आता ती काय म्हणेल, याचा अंदाज तुम्ही बांधलाय तसा मी बांधणार नाही. पण तुम्ही सहज लिहून गेलात त्या काही गोष्टी मला दिसल्या. वरच्या तीन खोल्या बाबा गेल्यापासून बंद आहेत. जिना सतरा पायऱ्यांचा आहे आणि आईचे गुडघे गेलेत. गच्ची दर पावसाळ्यात गळते, म्हणून ती तिची खोली सोडून हॉलमध्ये कॉटवर झोपते. गल्लीत आठ बंगले होते, त्यांतले तीन पाडून इमारती झाल्या, दोन कुलूपबंद आहेत. डावीकडच्या सात मजल्यांमुळे अंगणात दुपारनंतर ऊन येत नाही, वाळवणं तर कधीच बंद झाली. संध्याकाळी सातनंतर ती फाटकाला आतून कुलूप लावते आणि टीव्हीचा आवाज मोठा ठेवते.

तो टीव्हीचा आवाज माझ्या डोक्यातून जात नाही. 'शांत परिसर' म्हटलं की घेणाऱ्याला जवळच्या तळजाई टेकडीवरचे मोर आणि सकाळचा फेरफटका डोळ्यांपुढे येतो. पंचवीस वर्षांपूर्वी ते खरंही असेल, शेजारच्या अंगणांतून पोरं ओरडत असायची तेव्हा. आज त्याच गल्लीत सहा खोल्यांच्या घरात एकट्या बाईला ही शांतता अंगावर येत असेल, तर मला नवल वाटणार नाही. तुम्ही रोज एक तास येता तेव्हा तुम्हाला माहेर दिसतं. उरलेले तेवीस तास तिला काय दिसतं, ते तिलाच ठाऊक.

आणि पानशेत. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा तुमची आई बारा वर्षांची असणार. तो पूर ज्यांनी पाहिला त्यांच्याशी बोलून बघा. नदीकाठच्या पेठांतली किती घरं त्या एका दिवसात गेली, अंगावरच्या कपड्यांनिशी माणसं बाहेर पडली. त्या घराचा निरोप तिला घेता आला नाही. काय बरोबर घ्यायचं, काय मागे ठेवायचं, हे कुणी विचारलं नाही, विचारायला वेळच नव्हता. म्हणून तुम्हाला वाटतं की दुसऱ्यांदा घर सोडणं तिला झेपणार नाही. मला उलट भीती वाटते. घर सोडणं ती कदाचित पेलेल, पण पुन्हा एकदा न विचारता, न सांगता, अचानक गेलं तर ते तिला सोसणार नाही. त्या वेळी निदान धरण फुटलं होतं. या वेळी ते तुम्ही तिघं मिळून करत आहात.

हे मी अनुभवाने लिहितेय. माझ्या सासूबाईंचं साताऱ्याचं घर आम्ही विकलं तेव्हा त्यांना त्रास नको म्हणून सगळं परस्पर उरकलं. घेणाऱ्याला दुसरी किल्ली दिली. मूळ किल्ली सासूबाईंच्या पदराच्या टोकाला बांधलेली होती, ती मागायचा आमच्यापैकी कुणाला धीर झाला नाही. पुढची नऊ वर्षं त्या पातळ बदलताना ती गाठ सोडून नव्या पदराला बांधायच्या. त्या घराला तोपर्यंत दार तरी उरलं होतं का, कोण जाणे. त्यांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही आणि आम्हीही कधी बोललो नाही. किल्ली त्यांच्या हातून द्यायला हवी होती. ते आजही सलतं.

आता व्यवहाराचं बोलते, कारण इथे तुम्हा तिघांचीही समजूत चुकीची आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी कुणाच्या नावाने कागद पुढे चालू ठेवेल एवढंच नॉमिनेशनने ठरतं. तो वारसांच्या वतीने घर सांभाळणारा विश्वस्त असतो, आणि मालकी वारसा कायद्याने ठरते. बंगला बाबांच्या स्वकष्टाचा, मृत्युपत्र नाही, तेव्हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही, बहीण आणि भाऊ असे चार समान वाटेकरी. (आजी, म्हणजे बाबांची आई, तेव्हा हयात असती तर पाचवा वाटा तिचा झाला असता. तुम्ही लिहिलंय की ती आधीच गेली होती.) म्हणजे पैसे तिघांत वाटायचा प्रश्नच येत नाही. चौथा हिस्सा आईचा आहे आणि तो तुम्ही तिला देणार नाही आहात, तो आधीपासूनच तिचा आहे.

म्हणून हक्कसोड पत्रावर तिची सही अजिबात होऊ देऊ नका, आणि तुमचीही नको. भाऊ लबाड आहे असं मी म्हणत नाही. एका नावावर कागद असले की विकायला सोपं, असं कुणीतरी त्याला सांगितलं असणार आणि इतक्या लांबून त्याला ते पटलं असणार. पण हक्कसोड एकदा दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं की ते फिरवायला कोर्टातच जावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. त्याची गरजही नाही. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) आणि सोसायटीच्या भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) चौघांची वारसनोंद करून घ्या, साठेखतावर (विक्रीच्या आधीच्या करारावर) आणि खरेदीखतावर चौघंही विकणारे म्हणून सह्या करा, आणि प्रत्येकाच्या हिश्श्याचा चेक त्याच्या-त्याच्या नावाने घ्या. भावाला यायला जमणार नसेल तर तो तिथून मुखत्यारपत्र पाठवू शकतो. ते भारतीय वकिलातीतून साक्षांकित किंवा तिथे अपॉस्टिल केलेलं, म्हणजे परदेशात चालावं म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का घेतलेलं हवं, आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायला हवा.

भावाला एक गोष्ट आत्ताच कळवा, म्हणजे ऐनवेळी चिडचिड होणार नाही. तो अनिवासी असल्यामुळे त्याच्या हिश्श्यातून घेणाऱ्याला तुमच्यापेक्षा बराच जास्त कर कापून घ्यावा लागतो. कमी कापावा असा दाखला आयकर खात्याकडून आधी मिळवता येतो, पण त्याला वेळ लागतो. तुमचा आणि आईचा नफा मोजताना घराची १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी मूल्यांकनाचा अहवाल करून घ्या. आणि आईने तिच्या नफ्यातून विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत स्वतःसाठी राहतं घर घेतलं, तर तेवढ्यापुरता कर लागत नाही. व्यवहाराच्या आधी वर्षभरात घेतलं असलं तरी चालतं. बाकीचा हिशेब चांगल्या सीएकडून करून घ्या.

बिल्डरला देऊन त्याच जागी फ्लॅट घ्यावा, असंही कुणीतरी सुचवेल. ७६ व्या वर्षी तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि रोज येता-जाता आपला बंगला पाडलेला बघायचा, हे मला योग्य वाटत नाही. आई स्वतःहून म्हणाली तर गोष्ट वेगळी.

आता त्या चार-चार महिन्यांबद्दल. हे मात्र होऊ देऊ नका. या वयात दर चार महिन्यांनी बॅग भरायची, औषधांचा डबा नव्या कपाटात लावायचा, कुठल्या घरात गॅस कोणत्या हाताला पेटतो ते पुन्हा शिकायचं, आणि ठाण्याला गेल्यावर फिरायला कुणाबरोबर जायचं? न्यू जर्सीच्या थंडीत चार महिने ती खिडकीतून काय बघणार? आज तिला भाजीवाला नावाने हाक मारतो, औषधवाला चिठ्ठी न बघता गोळ्या काढून देतो, सकाळी देवळात दोघी-तिघी तिची वाट बघत असतात. तिचं घर बदललं तरी हे सगळं राहू शकतं. सहकारनगरातच, लिफ्ट असलेल्या इमारतीत, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट तिच्या हिश्श्यातून घ्या, फक्त तिच्या नावावर. आधी तो फ्लॅट ताब्यात, मग बंगल्याचा ताबा. तसा तीन-चार महिन्यांचा अवधी साठेखतातच लिहून घ्या. प्रशस्त बंगल्याला गिऱ्हाईक थांबतं, एजंट कितीही घाई करो.

आणि ती म्हणाली, मला इथेच मरायचंय, तर? तर तिच्या सहीशिवाय बंगला विकला जात नाही, आणि तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहा. मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रात्रीची सोबत, खालच्या न्हाणीघरात धरायला दांडी, हे सगळं चौघांच्या खर्चाने करायचं. भावाला तसं स्पष्ट सांगा. पण ती चटकन हो म्हणाली, तर तिचं ते हो मान्य करायची तयारी ठेवा. ते तुम्हाला जड जाईल, असं मला वाटतं. चौकटीवरच्या त्या खुणा तुमच्या आहेत. माहेर तुमचं जाणार आहे. तुम्ही ५२ वर्षांच्या आहात म्हणून त्याचं दुःख होऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. फक्त ते दुःख आईच्या नावाने मांडू नका. भावंडांपुढे तुमच्या स्वतःच्या नावाने मांडा. कुणास ठाऊक, भावालाही बोलायला तेवढंच निमित्त हवं असेल. दर पाडव्याला त्यालाही बाबांनी तिथेच उभं केलं होतं.

चौकट सागवानी असेल तर सुतार ती अलगद काढून देतो. घेणाऱ्याशी बोलताना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, कुणी नाही म्हणत नाही. पारिजातकाच्या दोन-तीन जून फांद्या पावसाळा लागला की कुंड्यांत खोचा. एखादी तरी जगते, आणि गॅलरीत ऊन असेल तर फुलतेही. फ्लॅट बघायला जाताना आईला बरोबर न्या आणि गॅलरी कुठल्या दिशेला आहे ते तिलाच बघू द्या.

हे सगळं रविवारनंतर. त्याआधी उद्या सकाळी एजंटला फोन करा आणि पंधरा दिवस जाहिरात बंद ठेवायला सांगा. मालकांपैकी एकीशी अजून बोलणं व्हायचंय, एवढंच कारण द्या.