बी.आर्च.साठी मुंबई की अहमदाबाद?

सप्रेम नमस्कार.

सांगलीहून पाठवलेले आपले पत्र वाचले. आर्किटेक्चरच्या पदवीसाठी मुलीला मुंबईचे सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालय आणि अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ अशा दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता आहे, तिचा ओढा सेप्टकडे आहे, तिच्या वडिलांचे मत जे. जे.च्या बाजूने आहे आणि सेप्टला पाठवायचे झाल्यास शुल्काचा मोठा भाग शैक्षणिक कर्जातून उभारावा लागेल, असे आपण लिहिले आहे. ‘पुढे नोकरीत कोणत्या नावाला जास्त किंमत मिळेल?’ हा आपला प्रश्न आहे.

कायद्याच्या दृष्टीने या दोन पदव्यांत फरक नाही. 1972च्या वास्तुविशारद कायद्यानुसार मान्यताप्राप्त पदवी घेऊन वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केल्यावरच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येते, आणि तो मार्ग दोन्ही संस्थांमधून सारखाच खुला होतो. दोन्हीकडे अभ्यासक्रम पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा असतो आणि त्यात एक सत्र एखाद्या कार्यालयात व्यावहारिक प्रशिक्षण घ्यावे लागते. नावाचे म्हणाल तर दोन्ही नावे देशातील कोणत्याही चांगल्या आर्किटेक्टला परिचित आहेत, पण मुलाखतीला बसलेला आर्किटेक्ट सगळ्यात आधी पोर्टफोलिओ, म्हणजे उमेदवाराच्या निवडक कामांचा संग्रह, उघडतो आणि बहुतेक निर्णय तिथेच होतो. त्यामुळे पाच वर्षांत तिच्या हातून कोणत्या प्रतीचे काम घडेल आणि ती पाच वर्षे संपताना घरावर किती बोजा उरेल, या दोन गोष्टींवर निर्णय घ्यावा, असे माझे मत आहे.

या दोन संस्थांमध्ये एक जुने नातेही आहे. जे. जे.मध्ये वास्तुकलेच्या शिक्षणाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. आचऱ्याचे नामवंत आर्किटेक्ट अच्युत कानविंदे तिथेच शिकले, आणि 1927 साली पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशीही तिथलेच विद्यार्थी. दोशी पुढे पॅरिसला आधुनिक वास्तुकलेचे एक प्रणेते ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम करून अहमदाबादला आले आणि 1962 साली तिथे सुरू झालेल्या स्कूल ऑफ आर्किटेक्चरचे संस्थापक संचालक झाले. त्याच संस्थेतून आजचे सेप्ट विद्यापीठ उभे राहिले, आणि 2018 साली वास्तुकलेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय आर्किटेक्टही दोशीच होते.

शिकवण्याच्या पद्धतीत मात्र दोन्हीकडे खरा फरक आहे. सेप्टमध्ये सुरुवातीची पायाभरणी झाल्यावर विद्यार्थी वेगवेगळ्या विषयांवरच्या स्टुडिओंमधून, म्हणजे आराखडे करत शिकण्याच्या वर्गांमधून, पसंतीक्रमाने निवड करतात. एका सत्रात गृहनिर्माण, दुसऱ्यात बांधकाम साहित्य, तिसऱ्यात जुन्या शहराचा एखादा भाग, असे स्वतःच्या शिक्षणाचे वळण काही अंशी विद्यार्थ्यालाच ठरवता येते, आणि नियोजन, अभिकल्प (डिझाइन) व बांधकाम तंत्रज्ञानाचे विद्यार्थी त्याच आवारात शेजारी असतात. जे. जे. दीर्घकाळ मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाने चालले आणि 2023 साली कला, उपयोजित कला व वास्तुकला या तिन्ही शाखा मिळून त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हा बदलाचा काळ असल्याने आपल्या मुलीच्या तुकडीला कोणता अभ्यासक्रम लागू होणार, कायमस्वरूपी अध्यापक किती आणि बाहेरून येणारे किती, हे संस्थेला स्पष्टपणे विचारावे. स्टुडिओत शिक्षक प्रत्येक विद्यार्थ्याच्या आराखड्यावर बसून बोलतो की केवळ ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या, दिवशी शेरे मारतो, यावर या शिक्षणाचे बरेचसे मोल ठरते आणि कोणत्याही माहितीपत्रकात ते लिहिलेले नसते. म्हणून दोन्हीकडच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी तिने स्वतः बोलावे. सेप्टच्या विद्यार्थ्यांची कामे संकेतस्थळावर पाहता येतात, तशीच जे. जे.च्या विद्यार्थ्यांची शीट आणि मॉडेल प्रत्यक्ष जाऊन पाहावीत.

शहरांच्या बाबतीत मला डावे-उजवे करता येत नाही. अहमदाबादेत पोळांची, म्हणजे अरुंद गल्ल्यांतील दाट घरांच्या मोहल्ल्यांची, जुनी वस्ती, कॉर्बुझिए यांची गिरणीमालक संघाची इमारत आणि अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांचे आयआयएम आहे. जे. जे.च्या फाटकातून बाहेर पडले की समोरच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि मैलभराच्या आत व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा 2018 साली जागतिक वारसा ठरलेला परिसर आहे. शिवाय सांगलीहून सुटीसाठी ये-जा करणाऱ्या मुलीला महालक्ष्मी एक्सप्रेस थेट तिथे उतरवते, ही सोयही लहान नाही.

आता पैशाबद्दल, कारण माझा कल याच मुद्द्यावर ठरला आहे. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते, परंतु व्याज पहिल्या हप्त्याच्या वितरणापासूनच चढत राहते, आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात ते चार वर्षांच्या अभियांत्रिकीपेक्षा अधिक साचते. त्यात आर्किटेक्चरमधले सुरुवातीचे वेतन कमी असते, आणि ज्या लहान पण उत्तम कार्यालयांत साइटपासून वर्किंग ड्रॉइंगपर्यंत (बांधकामासाठीच्या तपशीलवार नकाशांपर्यंत) सर्व काही शिकायला मिळते तिथे तर ते बहुधा आणखी कमी असते. डोक्यावर हप्ता असलेली मुलगी अशा कार्यालयाला नकार देऊन जास्त पगार देणाऱ्या ठिकाणी एकाच प्रकारचे तपशील काढत बसते, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे ही या व्यवसायातील खरी उमेदवारी असते.

म्हणून आपल्या परिस्थितीत माझा कौल जे. जे.ला आहे. मात्र त्याआधी दोन गोष्टींची खात्री करावी. पहिली म्हणजे मुलींच्या वसतिगृहात जागा मिळणार का. मुंबईत भाड्याने राहावे लागले तर शुल्कात वाचलेली रक्कम तिथेच खर्च होऊ शकते. दुसरी म्हणजे शिष्यवृत्ती. राज्य शासनाने 2024-25पासून केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, 8 लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग (एसईबीसी) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. आपण या निकषांत बसत असाल, तर दर्जा बदललेल्या जे. जे.मध्ये ती सवलत यंदा लागू आहे का, याचे उत्तर प्रवेश कक्षाकडून लेखी घ्यावे.

मुलीची इच्छा बाजूला सारावी असे मी सुचवत नाही. तिने सेप्टकडे आर्थिक साहाय्यासाठी अर्ज जरूर करावा, कारण गरजू विद्यार्थ्यांसाठी शुल्कसवलतीची सोय तिथे आहे. पाचही वर्षांचे शुल्क, निवास, मॉडेलचे साहित्य, संगणक आणि अभ्यासदौरे धरून एकूण खर्च एका कागदावर मांडावा, आणि सवलतीनंतर कर्जाची गरज घराच्या मिळकतीतून सहज फेडता येईल इतकीच उरत असेल, तर मी माझे मत बदलून तिला आनंदाने अहमदाबादला पाठवा असे सांगेन. तो हिशेब जागा निश्चित करण्याच्या अंतिम मुदतीपूर्वी, आणि तिला सोबत बसवूनच करावा. प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम व कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, तेही दोन्ही संस्थांकडून त्याच वेळी विचारून ठेवावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक