गुळाचा भाव, सेन्सेक्स आणि तुझे तिसरे प्रकरण

कोल्हापूर

चि. संशोधक विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

येथील बाजार समितीतील गुळाचे दैनिक दर आणि सेन्सेक्स यांच्या रिग्रेशनचे, म्हणजे एका श्रेणीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याचे, तुझे प्रकरण मी बारकाईने वाचले. आर-वर्ग (एका श्रेणीतील चढउतार दुसरीवरून किती उलगडतात, याचे माप) इतका मोठा आल्यावर तुला झालेला आनंद मी समजू शकतो. तरीही हे प्रकरण या स्वरूपात प्रबंधात ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही श्रेणी काळाबरोबर चढत गेल्या आहेत, आणि अशा श्रेणींचा परस्परांशी काडीचाही संबंध नसला तरी त्यांच्यात भक्कम सहसंबंध दिसू शकतो, याची चिकित्सा यूल यांनी १९२६ मध्येच केली होती. पुढे १९७४ मध्ये ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी एकमेकांशी संबंध नसलेले रँडम वॉक (प्रत्येक पाऊल यदृच्छेने पडणाऱ्या श्रेणी) संगणकावर तयार करून त्यांचे रिग्रेशन केले, तेव्हा पाच टक्के पातळीवरची टी-चाचणी, जी संबंध नसताना शंभरातून पाचच वेळा चुकायला हवी, ती सुमारे तीन-चतुर्थांश वेळा संबंध असल्याचा कौल देत होती. तुझ्या तक्त्यात डर्बिन-वॉटसनचा आकडा शून्यालगत आहे, म्हणजे रिग्रेशनच्या लागोपाठच्या चुका एकमेकींसारख्याच आहेत. धोक्याची खूण म्हणून त्या दोघांनी नेमके त्याच आकड्याकडे बोट दाखवले होते.

सेन्सेक्स बाजूला ठेव आणि साखरेचे दर घे. एकाच शिवारातला ऊस कारखान्याला जातो किंवा गुऱ्हाळाला, त्यामुळे दोन्ही दर फार काळ एकमेकांपासून दूर राहू नयेत, असे मानायला सबळ कारण आहे. एंगल आणि ग्रेंजर यांची १९८७ ची सहएकात्मतेची (दोन भटकत्या श्रेणी दीर्घकाळ एकत्र चालतात का, हे तपासण्याची) पद्धत अशाच प्रश्नासाठी आहे. आधी प्रत्येक श्रेणी रँडम वॉकसारखी भटकते का हे पाहणारी डिकी-फुलर चाचणी, मग सहएकात्मता, हा क्रम मोडू नकोस.

आता आकड्यांविषयी, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देते. तू सर्वसाधारण दर घेतला आहेस, ते योग्यच आहे. परंतु ज्या दिवशी सौदे झाले नाहीत, त्या दिवसाच्या रकान्यात तू आदल्या दिवसाचा दर भरलेला दिसतो. याचा परिणाम असा होतो की बाजार बंद असताना परतावा (दरातील रोजचा बदल) शून्य नोंदला जातो आणि बाजार उघडताच अनेक दिवसांचा बदल एकाच दिवसाच्या माथी येतो. शांत दिवसांचा एक पुंजका आणि त्यापुढे एक मोठी उसळी, ही रचना मग बाजाराची न राहता तुझ्या भरणीची असते. शिवाय हंगाम संपताना आवक घटते, गुळाच्या रव्यांची (ढेपांची) प्रतही बदलते आणि सर्वसाधारण दर वेगळ्याच मालाचा होऊन बसतो. मार्केट यार्डात जाऊन सकाळचे सौदे पाहा, आडत्यांशी बोल. कोणत्या नोंदी गाळायच्या, हे कोणतेही सॉफ्टवेअर तुला सांगणार नाही.

चंचलतेच्या प्रकरणात गार्चच्या (चढउतारांची तीव्रता काळानुसार कशी बदलते, हे मांडणाऱ्या प्रतिमानाच्या) दोन सहगुणकांची बेरीज एकाच्या अगदी जवळ आली आहे आणि त्यावरून धक्क्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, असा निष्कर्ष तू काढला आहेस. एंगल यांनी १९८२ मध्ये ब्रिटनच्या महागाईसाठी आर्च मांडले आणि बोलरस्लेव यांनी १९८६ मध्ये त्याचे गार्च केले. पण १९९० मध्ये लामरू आणि लास्ट्रॅप्स यांनी दाखवले की व्हेरियन्सची (चढउतारांच्या विस्ताराची) पातळीच मध्ये बदललेली असेल आणि ते प्रतिमानात धरले नसेल, तर ही बेरीज उगाच फुगते. तुझ्या सेन्सेक्सच्या श्रेणीत २३ मार्च २०२० आहे, ज्या दिवशी निर्देशांक सुमारे तेरा टक्के कोसळला. त्या काळाआधीचा आणि नंतरचा भाग वेगवेगळा बसवून पाहा.

सहगुणकांच्या आरंभीच्या किमती बदलूनही संभाव्यताफलनाचे (कोणते सहगुणक आकड्यांशी किती जुळतात, हे सांगणाऱ्या फलनाचे) तेच शिखर मिळते का, हेही तपास. कोल्हापुरात जन्मलेल्या व्ही. एस. हुजूरबाजार यांनी १९४८ मध्ये संभाव्यता समीकरणाच्या सुसंगत (नमुना वाढेल तशी खऱ्या किमतीकडे जाणाऱ्या) उकलीविषयी जे सिद्ध केले, ते मोठ्या नमुन्यासाठी आणि ठरावीक अटींखाली; मर्यादित नमुन्यात शिखरे अनेक असू शकतात. आपल्या गावच्या या माणसाचा तो लेख तू मुळातून वाचावास, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शेवटची दोन वर्षे प्रतिमान बसवताना वापरू नकोस. त्या काळाचे अंदाज गार्चने कर आणि आदल्या अंदाजाला ०.९४ भार देणाऱ्या साध्या घातांकी सरासरीनेही कर. दोन्हींच्या चुकांचा तक्ता, गार्च हरले असले तरी, जसाच्या तसा मला पाठव.

तुझा शुभचिंतक