आक्षेप त्याच वेळी नोंदव

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ‘आत्ता गप्प राहतो, नोकरीत कायम झालो की बोलेन’ हे वाक्य तीस वर्षांपूर्वी मीही घरी ऐकवले होते, म्हणून ते मला झोंबले. अमेरिकेतले राल्फ कार यांनी तोंड उघडले आणि कारकीर्द गमावली, असा दाखलाही तू देतोस. ते प्रकरण तू अर्धेच वाचले आहेस.

क्रिपल क्रीक या सोन्याच्या खाणींच्या गावात वाढलेले आणि अँटोनिटोसारख्या लहान गावात वकिली केलेले कार १९३८ मध्ये कोलोरॅडो राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. मुदत तेव्हा दोनच वर्षांची असल्याने १९४० मध्ये त्यांना पुन्हा मतदारांसमोर जावे लागले. ते रिपब्लिकन, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आर्थिक धोरणांचे कडवे विरोधक, पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लढण्याचे समर्थक होते. जपानशी युद्ध सुरू असताना फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्षीय आदेश क्रमांक ९०६६ निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. एप्रिलमध्ये सॉल्ट लेक सिटीच्या बैठकीत पश्चिमेकडचे इतर गव्हर्नर ‘आमच्या राज्यात नकोत’ म्हणत असताना कार एकटे त्यांना स्वीकारायला तयार होते. आरोप न ठेवता नागरिकाला कोंडता येत नाही, हे त्यांचे म्हणणे होते, आणि चिडलेल्या जमावासमोरही, ‘यांना इजा करायची तर आधी मला करा,’ असे ते म्हणाले. हे सारे युद्ध पेटलेले असताना आणि स्वतः खुर्चीवर असताना. तुला दिसायला हवे ते हेच, आणि तेच तू वगळलेस!

छावणी टळली नाही, हे खरे. त्याच ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतल्याच ग्रॅनडाजवळ अमाची छावणी सुरू झाली आणि तिथे सात हजारांहून अधिक माणसे तारांआड राहिली. नोव्हेंबरमध्ये सिनेटच्या निवडणुकीत कार थोड्या मतांनी हरले, तेही एडविन जॉन्सन यांच्याकडून, ज्यांनी १९३६ मध्ये गव्हर्नर असताना मेक्सिकन मजुरांना अडवण्यासाठी राज्याच्या सीमेवर नॅशनल गार्ड हे राज्याचे राखीव सैन्य उभे केले होते. पण कारकीर्द संपली म्हणतोस, तर १९५० मध्ये पक्षाने त्यांनाच पुन्हा गव्हर्नरपदाची उमेदवारी दिली होती. मतदानाच्या काही आठवडे आधी ते वारले. डेन्व्हरमध्ये राज्याचे सर्वोच्च न्यायालय आज ज्या इमारतीत आहे, तिला त्यांचे नाव आहे. मात्र हे नाव कोरले जाईल म्हणून ते बोलले नव्हते, आणि तूही तो हिशेब मांडू नकोस.

माझ्या टेबलावरही एकदा एका वस्तीची यादी आली होती, सगळ्यांना चौकशीविना हटवण्याची. मी ‘सादर’ एवढाच शेरा मारून फाईल वर पाठवली. दोन मुली शिकत होत्या, डोक्यावर कर्ज होते, आणि माझ्या विरोधाच्या एका शेऱ्याने ती यादी थांबली नसती, असे मला आजही वाटते. पण तो शेरा फाईलवर नाही, आणि ती जागा आता भरता येत नाही. त्यानंतर पटली नाही अशी एकही फाईल मी आक्षेप लिहिल्याशिवाय पुढे सोडली नाही. त्यापायी दोन बदल्या झाल्या, त्यांचे मला दुःख नाही.

म्हणून सांगतो, आक्षेप त्याच वेळी नोंदव, कागदावर नोंदव, पद हाती असताना नोंदव. कायम झाल्यावर बढती आडवी येईल, बढतीनंतर निवृत्तिवेतन. तू भित्रा नाहीस, मी तुला लहानपणापासून ओळखतो. तू फक्त सोयीचा दिवस शोधतो आहेस.

आक्षेपाच्या टिपणाचा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. भाषा मी तपासून देईन; सही तुझी आणि तारीख याच आठवड्याची हवी.